ट्रान्सपरंट लोगो आणि काकूंचे मोदक

लोगो बनवणं म्हणजे आपल्याकडे रात्री दोन वाजता रूमवर बसून उरकायचं काम. मीही तसाच एक उरकला होता. माझ्या रूमपार्टनरची आई डोंबिवलीला घरून मोदकांच्या ऑर्डरी घेते. गणपतीच्या आधी आम्ही काकूंना साईट करून दिली. मरून पानावर पांढऱ्या अक्षरांत काकूंचं नाव, बॅकग्राउंड ट्रान्सपरंट. काय झकास दिसत होतं!

आठवड्याने काकूंचा फोन आला. "अरे, सर्च केलं की बाकीच्यांचे फोटो दिसतात. माझ्या इथे नुसता पांढरा चौकोन. माझं नाव कुठे गेलं?"

नाव तिथेच होतं, पण पांढऱ्यावर पांढरं! अक्षरं काळी करू म्हटलं, तर रूमपार्टनरने मोबाईलवर डार्क मोड लावून दाखवला. आता काळ्यावर काळं.

कारण अगदी साधं आहे. १९९६ साली प्रमाणित झालेल्या पीएनजीमध्ये प्रत्येक पिक्सेलला रंगाबरोबर अल्फा, म्हणजे पारदर्शकतेचा आकडा देता येतो. नेहमीच्या ८ बिटांत तो ० ते २५५ असतो. जेपीईजीत ही सोयच नाही. सर्च इंजिन आपलं चित्र आपल्या पानावर दाखवत नाही. त्याची छोटी प्रत करून स्वतःच्या पानावर दाखवतं. प्रत पारदर्शक राहिली तर मागे त्यांच्या पानाचा रंग येतो. जेपीईजी झाली तर रिकाम्या जागी कुठला तरी रंग भरावाच लागतो. अल्फा नुसता काढून टाकला तर खाली लपलेला रंग वर येतो, आणि तो बरेचदा काळा असतो.

आपल्याकडे ट्रान्सपरंट म्हणजे प्रोफेशनल असा समज आहे. मला तो पटत नाही. बॅकग्राउंड सोडून देणं म्हणजे आपलं नाव दिसेल की नाही हे दुसऱ्यावर सोपवणं. स्वतःच्या पानावर खुशाल करा. पण सर्चसाठी द्यायच्या चित्राला स्वतःचा भरीव रंग द्या, कडेला थोडी जागा सोडा आणि पांढऱ्या व काळ्या पानावर ठेवून बघा. लोगो शुद्ध पांढऱ्यावर नीट दिसला पाहिजे आणि किमान ११२ × ११२ पिक्सेल हवा, असं गूगलच्या सूचनांतही आहे.

कल्याण स्टेशनचा बोर्ड आठवा. काळी अक्षरं, पण पिवळी जमीन बोर्डाची स्वतःची. मागे ऊन असो, पाऊस असो, नाव वाचता येतंच.

आम्ही लोगोमागे मरून रंग भरला. पण सर्च इंजिन पुन्हा येऊन बघेपर्यंत तिथे जुनंच चित्र राहतं. बाप्पा विसर्जनाला निघाले तरी काकूंचा चौकोन रिकामाच होता. किती ऑर्डरी हुकल्या ते त्यांनी सांगितलं नाही, विचारायची आमची हिंमत झाली नाही. हॉस्टेलवर मोदकांचा डबा मात्र आला.