पाळीची गोळी आणि सोबतची औषधं

मेफेनॅमिक अ‍ॅसिड २५० मिलिग्रॅम आणि डायसायक्लोमिन १० मिलिग्रॅम ही पाळीच्या कळांसाठी भारतात सर्रास खपणारी जोडी. नियमाने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची. प्रत्यक्षात मेडिकलमध्ये नुसतं नाव सांगितलं की मिळते. महिन्यातून दोन दिवस घ्यायची गोळी दुसऱ्या औषधाच्या वाटेला जात नाही, असा समज त्यातूनच घट्ट झाला आहे.

दुसरं कुठलंच औषध न घेणाऱ्या निरोगी तरुणीला जेवणानंतर घेतलेली ही गोळी बहुधा सोसते. पण समज तेवढ्यापुरताच खरा. गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन वाढल्याने कळा येतात आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड त्यांची निर्मिती रोखतं. जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही प्रोस्टाग्लँडिनच सांभाळतात, त्यामुळे गोळीचं काम गर्भाशयापाशी थांबत नाही.

पाळीआधीच्या तीव्र उदासीवर डॉक्टर फ्लुऑक्सेटिन किंवा सर्ट्रालिन देतात. त्यांनी प्लेटलेटमधलं सेरोटोनिन घटतं आणि रक्त गोठायला वेळ लागू शकतो. त्यात वेदनाशामकाने अस्तर दुबळं केलं, की जठरात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. एकाच चक्रातल्या त्रासावरची ही दोन औषधं, पण एक लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरं हातावर ठेवणारा दुकानदार यांची गाठ पडत नाही. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन घेणारीला रक्तस्रावाचा धोका याहून मोठा. मनोविकारावरचं लिथियम मेफेनॅमिक अ‍ॅसिडमुळे मूत्रपिंडातून बाहेर पडायचं मंदावतं आणि काही दिवसांतच रक्तात साचू लागतं. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांचा परिणामही त्याने घटतो. जोडीतल्या डायसायक्लोमिनसोबत सर्दीची क्लोरफेनिरामिन किंवा नैराश्यावरची अमिट्रिप्टिलिन घेतली, तर तोंड कोरडं पडणं, धूसर दिसणं, लघवी अडणं असे त्रास बळावतात.

यावर ‘गोळ्याच नकोत, सोसायला शीक’ हा घरोघरचा सल्ला मात्र उत्तर नव्हे. कळांनी शाळा-कामाचे दिवस बुडतात. त्यांवर औषध घेणं हा चोचला नाही. हवा आहे तो विक्रेत्याचा एक प्रश्न: आणखी काही औषधं चालू आहेत का? उत्तर ‘हो’ असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. वॉर्फरिन किंवा लिथियम घेणारीला, यकृत ठीक असेल तर, पॅरासिटामॉल सहसा अधिक सुरक्षित. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही ते असतं, म्हणून दोन्ही मिळून मात्रा मोजावी. गरम पाण्याच्या पिशवीचा कोणत्याच औषधाशी संघर्ष होत नाही. गोळीनंतर शौच डांबरासारखं काळं झालं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.