खोटा खिसा

आपल्या वार्षिकात दरवर्षी एक तरी प्रवासवर्णन असते. त्यात सूर्योदय असतो, धुके असते, गडावरचा वारा असतो. लेखकाच्या अंगात काय होते, हे मात्र कधी नसते. मी आज त्याच गोष्टीविषयी लिहिणार आहे. विषय क्षुल्लक वाटून प्राध्यापक मंडळी पान उलटतील, ही भीती आहे. पण अकरा दिवस डोंगरात चालताना माणसाला सूर्योदयापेक्षा पँटची आठवण अधिक वेळा होते, हे माझे अनुभवाचे बोल आहेत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मी आणि माझा थोरला भाऊ घोटीमार्गे बारी गावी उतरलो आणि तेथून पायी निघालो. कळसूबाई, रतनगड, कात्राबाईची खिंड, हरिश्चंद्रगड, नाणेघाट, आहुपे असे करीत अकराव्या दिवशी भीमाशंकरला पोहोचलो. दादा अशा वाटा कॉलेजात असल्यापासून तुडवीत आला आहे. माझी ही पहिलीच लांबची भटकंती. तो जायला निघाला की आई फक्त "डबा नेलास का?" एवढे विचारी. माझे नाव निघाल्यावर मात्र घरात सभाच भरली. मावशीला फोन गेला, शेजारच्या काकूंचे मत घेतले गेले, आणि शेवटी ठराव पास झाला तो एका वाक्यावर: "भाऊ बरोबर आहे ना? मग जाऊ दे."

या वाक्याबद्दल मी कृतज्ञ राहावे की चिडावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. जायला मिळाले हे खरे. पण परवानगी मला मिळाली नव्हती. दादाला मला नेण्याची परवानगी मिळाली होती.

आता पँट. भाऊबीजेला दादा दरवर्षी मला ड्रेसचे कापड घालतो. यंदा मी म्हटले, "कापड नको, चालायची पँट घे, आणि ओवाळणी महिनाभर आधीच दे." तो लगेच कबूल झाला. आमच्या तालुक्याच्या गावात कपड्यांची दुकाने काही थोडीथोडकी नाहीत, परंतु मुलीने डोंगरात घालायची पँट मागितली की दुकानदार आधी दादाकडे पाहतो. "मुलींमध्ये लेगिंग आहे, जीन्स आहे. तसलं काही पाहिजे तर जेंट्समध्ये बघा." जेंट्समध्येही पाहिले. कमरेला गोणपाट आणि मांडीला फास, असा तो प्रकार होता. जीन्स तर मुळीच नको होती. एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि वजन दुप्पट झाल्यासारखे वाटते. राहता राहिला मार्ग घरपोच मागवण्याचा.

घरपोच कपड्यांचे नाव काढताच आमच्या बाबांना त्यांची व्ही.पी. आठवली. ते शाळेत असताना त्यांनी एका साप्ताहिकातली जाहिरात पाहून सफारीचे कापड मागवले होते. व्ही.पी.चा नियम असा, की आधी पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवायचे आणि मग पार्सल फोडायचे. फोडले तेव्हा कापडात सफारीचा वरचा भाग बसेल एवढीच लांबी निघाली. बाबांनी तो वरचा भाग शिवून घेतला आणि खाकी पँटवर दोन वर्षे घातला. ही व्ही.पी.ची पद्धत आपल्या देशात १८७७ साली सुरू झाली. म्हणजे न पाहता कपडे मागवण्याचा आणि पार्सल फोडून कपाळाला हात लावण्याचा आपला अनुभव बराच जुना आहे.

या धंद्याच्या मुळाशी गेले तर एक गंमत सापडते. वेल्समधल्या न्यूटाऊन नावाच्या लहान गावी प्राइस-जोन्स नावाचा एक कापड दुकानदार होता. १८६१ च्या सुमारास त्याने आपल्या फ्लॅनेलची माहितीपत्रके टपालाने पाठवायला आणि आगगाडीने माल पोहोचवायला सुरुवात केली. टपालाने कपडे विकणाऱ्यांत त्याचे नाव अगदी पहिल्यांत घेतात. याच गृहस्थाने १८७६ मध्ये एका घोंगडीचे पेटंट घेतले. तिला उशी जोडलेली होती आणि ती अंगाभोवती दुमडून बंद करता येत असे. आज आपण जी स्लीपिंग बॅग सॅकला बांधतो, तिची ही पणजीच म्हणायची. दुसरी गोष्ट अमेरिकेतली. १९१२ साली मेन प्रांतातल्या लिऑन बीन नावाच्या शिकाऱ्याने खाली रबर आणि वर कातडे असे बूट टपालाने विकायला काढले. पहिल्या शंभर जोडांपैकी नव्वद जोड परत आले, कारण रबर आणि कातडे यांची शिवण उसवली. त्याने सगळ्यांचे पैसे परत केले आणि बूट सुधारला. मला यातले पैसे परत करणे फारसे विशेष वाटत नाही. ते आता सगळेच करतात. बूट कुठे उसवला हे त्याने पाहिले, ही गोष्ट मला मोठी वाटते.

माझी पहिली पँट आली ती मापाच्या तक्त्यावर विसंबून. टेप घेऊन, श्वास न कोंडता, प्रामाणिकपणे मापे घेतली होती. तक्ता म्हणाला, तू मध्यम. पँट म्हणाली, तू बुटकी. वीतभर कापड पायाखाली लोळत होते. परत केली. दुसरी, लहान मापाची आली, ती गुडघ्याच्या वर चढायलाच तयार नव्हती. भारतीय शरीरांची स्वतःची प्रमाणित मापे असावीत म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने २०१८ मध्ये एक पाहणी जाहीर केली होती. सहा शहरांतल्या २५,००० स्त्री-पुरुषांची मापे यंत्राने घेण्याची ती योजना. कामाचे स्वागतच आहे. पण शहरे सहाच, आणि डोंगर चढणाऱ्या बायका बहुतेक त्या सहांच्या बाहेर राहतात, एवढे नमूद करून ठेवते.

तिसरी पँट मापाला बसली. राखी रंग, हलके, लवकर वाळणारे कापड, आणि मांडीवर झाकणाचे, गुंडीचे दोन ऐटबाज खिसे. मी आनंदाने गुंडी काढली, झाकण उचलले, आणि खाली काहीच नव्हते. सरळ कापड. खिशाचे झाकण होते, गुंडी होती, शिवण होती, खिसा नव्हता. कमरेचे खिसे होते, त्यांत माझी बोटे दुसऱ्या पेरापर्यंत जात होती. दादाने त्याच विक्रेत्याकडून त्याच दिवशी स्वतःसाठी मागवलेल्या पँटला सहा खिसे होते, सहाही खरे. किंमत माझ्या पँटची अधिक.

परत न्यायला जो मुलगा आला त्याने मोबाइल पुढे केला. "ताई, कारण काय टाकू?" यादी होती: माप चुकले, रंग वेगळा, फाटके आले, आवडले नाही, आता नको. मी म्हटले, "खिसा खोटा आहे." त्याने यादी वरखाली केली. "तसं नाही ताई यात. आवडलं नाही टाकू?" मी म्हटले, "नको, राहू दे." कारण पँट मला आवडली होती. शिवाय भाऊबीज चार दिवसांवर आली होती.

दादाचे म्हणणे असे, की यात रडण्यासारखे काय आहे? "मी आहे ना. पैसे, नकाशा, शिट्टी, टॉर्च, सगळं माझ्याकडे राहील. तू नुसती चाल." दादा हे अगदी प्रेमाने बोलला, हे मी शपथेवर सांगते. आणि नेमके तेच मला लागले. घरच्यांचा ठराव आणि पँटचा खिसा यांचा शिंपी एकच असावा, असे मला त्या क्षणी वाटले. मुलगी कुठे जाईल तेथे तिच्याबरोबर खिसेवाला कुणीतरी असणारच, हे दोघांनीही धरून चाललेले.

कुणी म्हणेल, सॅक पाठीवर असताना खिसा कशाला हवा? ज्याने भरलेली सॅक घेतली आहे तो असे विचारणार नाही. चालता चालता सॅकमधले काही काढायचे तर थांबावे लागते, पट्टे सोडावे लागतात, ती खाली ठेवावी लागते आणि पुन्हा पाठीवर घेताना दुसऱ्याचा हात लागतो. कमरेचे खिसे सॅकच्या कंबरपट्ट्याखाली दबून जातात. म्हणून मांडीवरचा खिसा हा शोभेचा नसून कामाचा. पुरुषांच्या पँटला तो तसाच असतो.

शेवटी गल्लीतल्या शिंपीकाकांकडे गेले. त्यांनी शिवण उसवली, आतून जाड ड्रिलचे कापड लावले. "मुलीच्या पँटला एवढा खोल कशाला गं?" असे त्यांनी विचारले खरे, पण मी नकाशा, शिट्टी, पैशाचे पाकीट आणि मोबाइल मशीनवर मांडल्यावर पुढे काही न बोलता खडूने माप ओढले. मग म्हणाले, "घालून ये आणि उकिडवी बस." बसले. "आता त्या पायरीवर एक पाय दे." दिला. गुडघ्यापाशी ओढ बसत होती, तेथे त्यांनी थोडी शिवण सैल केली. ऐंशी रुपये घेतले. मोबाइलवरच्या चित्रातली मुलगी एका खडकावर कमरेवर हात ठेवून उभी होती. ती बसत नाही, चढत नाही, ओढ्यात वाकून पाणी भरत नाही. डोंगरात घालायचे कपडे मागवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी एवढेच सांगेन, की आरशापुढे उभ्या राहू नका. उकिडव्या बसा, ओट्यावर पाय टाका, आणि हे सगळे पाठीवर ओझे घेऊन करा. पार्सल परत करायची मुदत संपायच्या आत करा.

पहिल्या दिवशी घोटीहून बारीला जाताना एस.टी.त कंडक्टरने माझे तिकीट अर्धे फाडले. मार्च २०२३ पासून बायकांना ती सवलत आहे. पैसे दादाने दिले. वाचलेले अर्धे मी त्याच्याकडून मागून घेतले आणि नव्या खिशात टाकले. तो हसला. बारीला उतरल्यावर आम्ही ओझ्याची वाटणी केली, तेव्हा मी नकाशा, एक शिट्टी आणि निम्मे पैसे मागितले. तेव्हा तो हसला नाही. "हरवलेस तर?" असे म्हणून त्याने दोन मिनिटे विचार केला. मी म्हटले, "तू हरवलास तर?" शेवटी दिले. कळसूबाई १,६४६ मीटर उंच, राज्यातले सर्वांत उंच शिखर. पण त्या दिवशी चढायला अवघड वाटली ती ही दोन मिनिटे.

चौथ्या दिवशी, कात्राबाईच्या खिंडीच्या अलीकडे, सकाळचे धुके अजून उठायचे होते. कारवी माणसाच्या डोक्यावरून गेलेली, आणि दोन वाटा फुटत होत्या. दादा मला तेथे थांबवून "बघून येतो" म्हणून पुढे गेला. दहा मिनिटे झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. हाका मारल्या; धुक्यात हाक कुठून येते ते कळत नाही. मग मी शिट्टी काढली आणि तीन तीनदा वाजवीत राहिले. बऱ्याच वेळाने उजव्या अंगाने कारवी मोडत तो आला. ढोरवाटेला लागला होता. त्याची शिट्टी सॅकच्या तळाशी होती आणि सॅक माझ्यापाशी. तो काही बोलला नाही. पाणी मागितले, प्यायला, आणि नकाशा पाहायला माझ्या शेजारी बसला.

त्या रात्री आम्ही कुमशेतला एका घरी उतरलो. घरातल्या आजींचे लुगडे गुडघ्यापर्यंत घट्ट खोवलेले, कासोटा घातलेला. याच वेषात डोक्यावर मोळी घेऊन त्या आयुष्यभर डोंगर उतरल्या होत्या. लुगड्याला लहान, मध्यम, मोठे असे माप नसते. नऊवार कापड आणि नेसणारीचे शरीर, एवढाच हिशेब. सकाळी भाकरीचे पैसे देताना मी नोट पुढे केली, तशी त्यांनी कमरेची कनवट उलगडली आणि आतून सुटे काढून दिले. मला एकदम उमगले, की खिसा हा आम्ही नव्याने मागत असलेला हक्क वगैरे काही नाही. आमच्या आज्यांकडे तो होता. लुगडे सुटले, त्याबरोबर कनवटही सुटली, आणि तिच्या जागी आमच्या हाती एक झाकण आणि एक गुंडी आली. मी लुगडे नेसून डोंगर चढावा असे कुणी यातून काढू नये. आजींनीही ते काढले नाही. त्यांनी माझ्या पँटचे कापड चिमटीत धरून पाहिले, खिशात हात मनगटापर्यंत घातला आणि हसून म्हणाल्या, "लई खोल हाय गं!"

पुढचे सात दिवस मी येथे सांगत बसत नाही. हरिश्चंद्रगडावर आम्ही एक दिवस नुसते बसून काढला. नाणेघाटात दगडी रांजणापाशी जकातीवरून दादाने जे विनोद केले ते छापण्याजोगे नाहीत. पँट टिकली. दादाची मात्र आहुप्याच्या आधी मागे उसवली आणि त्याला उरलेला रस्ता कमरेला टॉवेल गुंडाळून चालावा लागला.

भीमाशंकरहून परतताना मंचरची एस.टी. मिळाली. तिकिटे मी काढली. खिशातून पाचशेची नोट काढून कंडक्टरच्या हातात दिली. त्यांनी एक पूर्ण, एक अर्धे फाडले, सुटे पैसे मोजले आणि दादाच्या हातावर ठेवले. दादाने ते सवयीने स्वतःच्या खिशात टाकले. मग माझ्याकडे पाहिले. घोडेगाव येईपर्यंत आम्ही त्यावरून भांडत होतो.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला