आढीतला नासका आंबा

‘एक नासका आंबा आढी नासवतो’ ही म्हण आपण मुलांना संगतीचा परिणाम समजावण्यासाठी वापरतो. ती ज्यांनी घडविली त्यांनी आढी जवळून पाहिली होती, एवढे खास. कुजीच्या बुरशीबरोबर एक अदृश्य वायूही त्या आंब्यातून शेजाऱ्यांपर्यंत पोचतो. त्याचे नाव इथिलीन. रस्त्यावरच्या दिव्यांच्या गॅसमधील हाच वायू रोपट्यांची वाढ बिघडवतो, हे रशियातील नेल्युबोव यांनी 1901 साली दाखविले. पिकणारी फळे तो स्वतःच निर्माण करतात, हे इंग्लंडमधील गेन यांनी 1934 साली सिद्ध केले. दुखावलेले फळ तो अधिक सोडते आणि त्याच्या सहवासात इतर फळेही वेळेआधी पिकू लागतात.

या वायूवर ताबा मिळविणे म्हणजेच माल टिकविणे. त्याचे मार्ग गूढ नाहीत. कोठारात हवा खेळती ठेवावी, पोटॅशियम परमँगनेटने हा वायू शोषून घ्यावा, थंडावा राखावा. मात्र आंबा व केळे यांना सुमारे 13 अंशांखालची थंडी बाधते, हे विसरून चालणार नाही. फळाला इथिलीनची जाणीवच होऊ न देणारे एक संयुगही आता परदेशांत सफरचंदांच्या साठवणीत रुळले आहे.

उलट, फळे पिकवायची तर हाच वायू मोजून द्यावा लागतो. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनी कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास मनाई केली आहे, कारण त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीनला मात्र दशलक्ष भागांत 100 भागांपर्यंत मुभा आहे. तरीही कार्बाइडच्या पुड्या पेट्यांत सापडल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतातच. धाडी घालाव्यात, दंडही करावा. पण केवळ धाडींनी हा रोग हटेल असे आम्हांस वाटत नाही. ज्या छोट्या व्यापाऱ्यापाशी पिकवण्याची खोली नाही, त्याला पुडी स्वस्त पडते. ज्या बागायतदारापाशी आठ दिवस माल राखण्याची सोय नाही, तो आपला मानकुराद मिळेल त्या भावाने देऊन मोकळा होतो. गरज आणि लोभ यांतला फरक सरकारने ओळखला पाहिजे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. म्हापसा, मडगाव, फोंडा यांसारख्या बाजारांच्या ठिकाणी, माफक भाड्यात सर्वांना वापरता येतील अशा पिकवण-खोल्या व साठवणगृहे हवीत. पिकत्या फळांसाठी आणि बेळगावहून घाट उतरून येणाऱ्या पालेभाज्यांसाठी तेथे वेगळ्या खोल्या असाव्यात. पिकत्या आंब्यांच्या शेजारी ठेवलेली कोथिंबीर पिवळी पडते, काकडी मऊ होते आणि गाजर कडवट लागते, ते याच वायूमुळे. हा भेद गृहिणींनीही घरी पाळावा. त्याला पैसा पडत नाही.

मानकुरादला 2023 साली भौगोलिक मानांकन लाभले, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु फळाचे नाव कागदावर राखणे आणि त्याची चव ग्राहकाच्या ताटापर्यंत राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजोबा रोज आढी चाळून नासका आंबा बाजूला काढीत. तेवढी दक्षता आता बाजाराने व सरकारने दाखवावी, इतकीच आमची अपेक्षा आहे.