पुढे उभं असलेलं पोर

चेहऱ्याला मार लागण्याचं लहान मुलांमधलं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे पडणं. पलंगावरून, जिन्यात, बाथरूममध्ये. शरीराच्या मानाने डोकं मोठं आणि हात वेळेवर पुढे येत नाहीत, म्हणून पोरं तोंडावरच आपटतात. त्याला फारसा इलाज नाही. पण एक मार असा आहे, ज्याची सोय आपण स्वतः करून ठेवतो.

संध्याकाळी दांडिया बाजारातून किंवा रावपुऱ्यातून जाताना बघा. बाबा स्कूटरवर, आई मागे, आणि चार वर्षांचं पोर पुढे पायांपाशी उभं. आपणही असेच उभे राहून मोठे झालो, त्यामुळे कुणाला वावगं वाटत नाही. आता त्याचं तोंड कुठे आहे ते पाहा. स्पीडोमीटरच्या अगदी समोर. ताशी ३० म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून जास्त वेग. समोर गाय आली, ब्रेक दाबला, की पोराची हनुवटी किंवा पुढचे दात हॅन्डलवर, आणि मागून बाबांचं वजन.

हनुवटीला चार टाके पडले की घरचे म्हणतात, थोडक्यात निभावलं. पण हनुवटीवरचा धक्का वर कानापुढच्या जबड्याच्या सांध्यापर्यंत जातो आणि तिथलं हाड मोडू शकतं. बाहेरून काही दिसत नाही. तोंड पूर्ण उघडत नसेल, उघडताना एका बाजूला जात असेल किंवा दात नेहमीसारखे जुळत नसतील, तर टाक्यांवर समाधान मानू नका. लहान वयात हे राहून गेलं तर सांधा आखडतो आणि जबड्याची वाढही खुंटू शकते.

त्यात जानेवारी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी उत्तरायणात तो रस्त्यावर आडवा येतोच. पुढे उभं असलेल्या पोराला तो आधी लागतो. हॅन्डलवर वाकवलेली सळी जरूर लावा, पण तिच्या भरवशावर पोराला पुढे ठेवू नका.

“मागे बसवलं तर झोपेल, पडेल,” हे आजीचं म्हणणं खरंच आहे. त्यासाठीच चालवणाऱ्याच्या अंगाला बांधायचा पट्टा मिळतो. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना तो आणि हेल्मेट सक्तीचं आहे, वेग ताशी ४० पर्यंतच. चारच्या पुढे हेल्मेट आहेच. ते मात्र मापाचं घ्या, बाबांचं डोक्यावर ठेवून चालणार नाही.

आणि कधी पक्का दात मुळासकट पडलाच, तर मुळाला हात न लावता वरच्या बाजूने उचला, पुसू-घासू नका, थंड दुधात टाका आणि अर्ध्या तासात दातांच्या डॉक्टरकडे पोहोचा. दुधाचा दात असेल तर तो परत बसवत नाहीत, पण डॉक्टरांना दाखवायचं तेव्हाही.