शाळेच्या रजिस्टरवर अंगठा देण्याआधी



वनहक्काच्या दाव्यावर आपण असाच अंगठा देत नाही. नकाशा बघतो, वाचून घेतो, चार वेळा भांडतो. मग शाळेच्या रजिस्टरला काय होतं? मास्तर गाडी उभी करतात, "ताई, इथं सही करा," म्हणतात, आणि आपली वहिनी हाताला पीठ असतानाच सही करते. झाली शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग!

या पावसाळ्यात आम्ही आमच्या पाड्यातलं रजिस्टर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. जानेवारीच्या मीटिंगला सगळे पालक हजर, तक्रार काही नाही, असं लिहिलेलं. एक काकी हसायलाच लागली. "मी तर तवा भट्टीवर विटा थापत होते!" अर्धा पाडा भट्टीवर होता. पोरंपण सोबत. हजेरीत मात्र ती शाळेतच.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात समितीतले चारातले तीन जण पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत. शाळेचा आराखडा समितीनं करायचा, अनुदान कुठं गेलं ते समितीनं बघायचं. आपल्याला हे कुणी सांगितलंच नाही. आपणही विचारलं नाही, हे कबूल करू.

मास्तर काही आपले दुश्मन नाहीत. एकटा माणूस चार वर्ग शिकवतो, वर कागद भरतो. पोरं घरची बोली बोलतात, पुस्तक वेगळंच बोलतं. दुसरा शिक्षक पाहिजे, बोली जाणणारा पाहिजे, हा ठराव समितीनं घातला तर मास्तरांनापण बळ मिळेल. "तक्रार नाही" असं लिहून दिल्यावर वरून शिक्षक कशाला येईल? उद्या पट कमी म्हणून शाळाच बंद करायला निघाले तर आपलं म्हणणं कागदावर कुठं आहे?

आणखी एक. काही पाड्यांत शाळा अजून झोपडीत भरते, कारण "जमीन वनखात्याची." 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) वाचा. शाळेसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि शिफारस ग्रामसभेची लागते. म्हणजे आपलीच.

येत्या ग्रामसभेत शाळेचं रजिस्टर मागा. भट्टीवर जाणाऱ्या पोरांचं काय करायचं तेही तिथंच ठरवू, दिवाळीच्या आधी. नंतर पाड्यात माणूस सापडणार नाही.