शिक्षकाची पारख

वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी पवनार वसले आहे. तेथील विनोबाजींच्या आश्रमात जानेवारी १९७६ मध्ये आचार्यांचे संमेलन भरले. देशात आणीबाणी होती आणि वृत्तपत्रांवर बंधने होती. विनोबाजींनी वर्षभराचे मौन २५ डिसेंबर १९७५ रोजी सोडले, तेव्हा एक भेद स्पष्ट केला होता : सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन, आचार्यांचे असते ते अनुशासन. पवनारला जमलेल्या आचार्यांनी देश पूर्वस्थितीवर यावा, निवडणुका व्हाव्यात, असे मत निर्भयपणे मांडले. सत्तेला ते त्या वेळी रुचले नाही. परंतु संकटकाळी देशाने शिक्षकाचे मत विचारावे, हा मान त्या नदीकाठी प्रत्यक्ष दिसला.

या विचाराची पायाभरणी आधीच झाली होती. मार्च १९६८ मध्ये बिहारमधील कहलगाव येथे विनोबाजींनी 'आचार्यकुल' स्थापन केले. शिक्षक निर्भय, निर्वैर आणि निष्पक्ष असावा, ही त्यांची अपेक्षा होती. न्यायाधीश सरकारी कोषातून वेतन घेतो, तरी निकाल सरकारला विचारून देत नाही. शिक्षकालाही तसेच स्वातंत्र्य असावे, असे ते सांगत.

पवनारपासून जवळच, वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. तिच्यातून 'नई तालीम'चा आराखडा करणारी समिती निर्माण झाली. समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन जर्मनीतून डॉक्टरेट घेऊन आलेले विद्वान होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जामिया मिलियामध्ये वीस वर्षे, महिना दीडशे रुपयांहून अधिक वेतन न घेता शिकवण्याची प्रतिज्ञा केली होती. पुढे १९६७ मध्ये ते राष्ट्रपती झाले.

असा त्याग वंदनीय आहे. परंतु त्यागाच्या भरवशावर कोणताही व्यवसाय चालत नाही, हे व्यापारी कुटुंबांना सांगावे लागत नाही. महाराष्ट्रात शिक्षकी पेशाची सुरुवात तीन वर्षांच्या 'शिक्षण सेवक' पदाने होते. प्राथमिक शाळेत त्याचे मानधन दीर्घकाळ महिना ६,००० रुपये होते. जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झाले. वाढ मोठी आहे, तरीही पेढीवरचा अनुभवी मुनीम इतक्यात टिकेल का, याचे उत्तर प्रत्येक पेढीला ठाऊक आहे. ज्या तरुणाला दुसरीकडे संधी आहे, तो मग दुसरीकडेच जातो.

मुनीम नेमताना शेठ दहा ठिकाणी चौकशी करतात, कारण चोपड्या त्याच्या हाती द्यायच्या असतात. घरातले मूल ज्याच्या हाती द्यायचे, त्याची पारख मात्र क्वचितच होते. अनेक व्यापारी कुटुंबांनी शाळा उभारल्या, त्यांच्या विश्वस्त मंडळांवर ते बसतात. इमारतीवर देणगीदाराचे नाव कोरले जाते. शिक्षकाच्या प्रशिक्षणासाठी, ग्रंथांसाठी, पहिल्या वर्षांतील त्याच्या राहण्याच्या सोयीसाठी ठेवलेला निधी मात्र विरळा. जेथे उमेदवाराकडून पैसे घेऊन जागा दिली जाते, तेथे तर गुणवंताचा रस्ता दारातच बंद होतो. त्या जागेवर आलेला शिक्षक निर्भय कसा होणार? त्याने आपले भांडवल आधीच गमावलेले असते.

दुसरी कसोटी घरात होते. हुशार मुलीने किंवा मुलाने शिक्षक होण्याची इच्छा सांगितली, की घरचे गप्प होतात. स्थळ पाहताना शिक्षकाचे नाव यादीत खाली जाते. ५ सप्टेंबरला दिलेली शाल आणि श्रीफळ हे मौन झाकू शकत नाहीत. णमोकार मंत्रातील चौथे वंदन उपाध्यायांना आहे. ते आगम शिकवणारे मुनी. शाळेतील शिक्षकाशी त्यांची बरोबरी नव्हे. तरीही शिकवण्याच्या कार्याला या परंपरेने किती उंच स्थान दिले, हे त्यातून कळते.

प्रतिष्ठा भाषणांनी परत येत नाही. निवड गुणांवर व्हावी, वेतनात संसार चालावा आणि वर्गात शिक्षकाला स्वतःच्या विवेकाने बोलता यावे, इतके झाले तर बुद्धिमान तरुण आपणहून या पेशाकडे वळतील. यांतील पहिल्या दोन गोष्टी विश्वस्तांच्या हाती बऱ्याच अंशी आहेत. तिसरीसाठी मात्र विश्वस्तांनी हात आखडता घ्यावा लागतो, आणि देणाऱ्याला तेच सर्वांत कठीण जाते.