सदनिकेतून बैठ्या घरात : दिव्यांगांची निवड की नाइलाज?

अपघात, पक्षाघात किंवा स्नायूंचा विकार यांमुळे घरातील एखाद्या व्यक्तीला चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला, की शहरी कुटुंबासमोर उपचारांच्या पाठोपाठ जिन्याचा प्रश्न उभा राहतो. सदनिका तिसऱ्या मजल्यावर असते आणि इमारतीला लिफ्ट नसते. काही जुन्या इमारतींत लिफ्ट असली, तरी तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी पाच-सहा पायऱ्या चढाव्या लागतात. बाहेर पडण्यासाठी दर वेळी दोन माणसांनी खुर्ची उचलावी लागते. परिणामी बाहेर जाणे रुग्णालयापुरते उरते. अखेर सदनिका विकून शहराच्या सीमेवर अथवा मूळ गावी बैठे घर घेण्याचा निर्णय होतो.

वरकरणी हा एका कुटुंबाचा खासगी निर्णय आहे. प्रत्यक्षात त्यामागे बांधकामविषयक नियम, कायद्यातील त्रुटी आणि सार्वजनिक सेवांची विषम विभागणी यांचा मोठा वाटा असतो. त्यामुळे या स्थलांतराचा विचार सार्वजनिक धोरणाच्या अंगाने होणे आवश्यक ठरते.

भारताने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिले. या कराराच्या १९व्या कलमानुसार, आपण कोठे आणि कोणासोबत राहावे हे इतरांच्या बरोबरीने ठरविण्याची संधी दिव्यांग व्यक्तीस मिळाली पाहिजे. त्या अनुषंगाने १९९५ च्या कायद्याची जागा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने घेतली. नव्या बांधकामाचा आराखडा सुगम्यतेच्या नियमांनुसार नसल्यास आस्थापनेस परवानगी देऊ नये आणि बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखलाही देऊ नये, असे या अधिनियमाचे ४४वे कलम सांगते. खासगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपन्यांबरोबर सहकारी संस्थांचाही समावेश आहे.

अडचण आहे ती आधीच उभ्या असलेल्या इमारतींची. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम्य करण्याचे बंधन ४५व्या कलमाने घातले. नियम जून २०१७ मध्ये अधिसूचित झाल्याने ही मुदत जून २०२२ मध्ये संपली. मात्र ‘सार्वजनिक इमारत’ या संज्ञेच्या व्याख्येत शिक्षणसंस्था, कामाची ठिकाणे, व्यापारी जागा, आरोग्यसेवा, धार्मिक स्थळे, न्यायालये आणि रेल्वे स्थानके यांचा निर्देश आहे. निवासी इमारतींचा स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणजेच दिव्यांग नागरिकाने बँकेत, न्यायालयात किंवा स्थानकावर सन्मानाने पोहोचावे अशी कायद्याची अपेक्षा आहे. पण त्यासाठी त्याने स्वतःच्या इमारतीचा जिना कसा उतरावा, याचे उत्तर तो स्पष्टपणे देत नाही.

ही पोकळी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत जाणवते. उतारमार्ग बांधायचा तर वाहने उभी करण्याची जागा कमी होते, लिफ्ट बसवायची तर खर्चाची वाटणी कशी करायची, तळमजल्यावरील सभासदाने वर्गणी का द्यावी, असे आक्षेप पुढे येतात. बहुमताच्या बळावर प्रश्न लांबणीवर पडत जातो. भाड्याने राहणाऱ्याची स्थिती याहून बिकट असते. स्नानगृहात आधारदांडी बसविण्यासाठीही त्याला घरमालकाची संमती मिळवावी लागते.

बैठे घर हा मग सोपा मार्ग वाटतो. तथापि तेथेही गणित सोपे नाही. मान्य निकषानुसार उतारमार्गाचे प्रमाण १:१२ असावे लागते. घराचे जोते दीड फूट उंच असेल, तर अठरा फूट लांबीचा उतार लागतो. जोते तीन फूट असेल, तर छत्तीस फूट. अनेक घरांसमोर तेवढे अंगणच नसते. चाकाची खुर्ची एका जागी पूर्ण वळविण्यासाठी सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. आणि खुर्ची आत जाण्याइतका रुंद दरवाजा स्नानगृहाला क्वचितच असतो. उंच उंबरठा, परसातील शौचालय आणि पावसाळ्यातील चिखलाची गल्ली ही त्यात भर. पुरापासून बचावासाठी उंच ठेवलेले जोतेच येथे अडथळा ठरते.

उंबरठ्याबाहेरचा हिशेब तर वेगळाच असतो. शहरातील इमारतीत जिना अडवतो, पण शेजारी, पहारेकरी, औषधाचे दुकान आणि भौतिकोपचार केंद्र जवळ असते. मुंबईच्या उपनगरी गाडीत दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो, तर दिल्ली मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्टची सोय आहे. लहान गावात घरातून अंगणात सहज येता येते. अंगणापुढे मात्र चढता येईल अशी बस नसते. वीज गेल्यास हवेच्या गादीचा पंप किंवा खुर्चीची बॅटरी बंद पडते. नोकरी सुटते किंवा प्रवास वाढतो. शुश्रूषेचा भार मुख्यतः घरातील स्त्रीवर येतो आणि मदतीला येणारी माणसे दूर राहतात.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात राहत होत्या. सुगम्य भारत अभियानाचा ३ डिसेंबर २०१५ रोजी प्रारंभ झाला, तेव्हा त्याचा मुख्य भर निवडक शहरांतील सरकारी इमारती, विमानतळ आणि रेल्वे स्थानके यांवर होता. बैठ्या घराच्या शोधात शहर सोडणारे कुटुंब नेमके या सुविधांपासून दूर जाते.

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात दिलेला निर्णय या दृष्टीने महत्त्वाचा आहे. २०१७ च्या नियमांतील १५वा नियम सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात मांडतो आणि त्यामुळे तो मूळ अधिनियमाशी विसंगत ठरतो, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. किमान निकष बंधनकारक करणारे नियम तीन महिन्यांत तयार करण्याचा आदेशही केंद्र सरकारला देण्यात आला. बंधनकारक निकषांच्या कक्षेत जुन्या निवासी इमारती किती प्रमाणात येतात, यावरच या निर्णयाचा सामान्य कुटुंबाला होणारा लाभ अवलंबून राहील.

धोरणाच्या पातळीवर काही सुरुवात झाली आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी विभागात दिव्यांग आणि ज्येष्ठ नागरिकांना तळमजला किंवा खालचे मजले देण्यास प्राधान्य आहे. अधिनियमाच्या ३७व्या कलमाने गृहनिर्माण योजनांत पाच टक्के आरक्षण दिले आहे. परंतु आरक्षणातून मिळालेल्या घराच्या दारातच तीन पायऱ्या असतील, तर त्या हक्काला अर्थ उरत नाही. दिव्यांग सभासदाने स्वखर्चाने केलेला वाजवी बदल संस्थेने नाकारू नये, जुन्या इमारतीत लिफ्टसाठी अर्थसाहाय्य मिळावे आणि ग्रामीण घरकुलाच्या नमुना आराखड्यातच उतारमार्ग व रुंद दरवाजा असावा, या तरतुदी फार खर्चिक नाहीत.

मोकळे अंगण, झाडांची सावली आणि आप्तांचा सहवास यांच्या ओढीने कोणी शहर सोडत असेल, तर तो त्याचा अधिकार आहे. मात्र जिना उतरता येत नाही म्हणून कोणाला नोकरी, उपचार आणि ओळखीची माणसे सोडावी लागत असतील, तर त्यास निवड म्हणता येणार नाही. सदनिका आणि बैठे घर या दोन्ही ठिकाणी राहणे शक्य असेल, तेव्हाच त्यांतून एकाची निवड केली असे म्हणता येईल.